पद्मिनी आणि घसारा

चितोडच्या राणी पद्मिनीचे रूप अल्लाउद्दीन खिलजीने आरशात पाहिले, अशी कथा आहे. कुर्ल्याच्या पद्मिनीचे रूप आपल्याकडच्या हजारो मध्यमवर्गीयांनी असेच लांबून पाहिले. फरक इतकाच, की खिलजीने वेढा घातला आणि आपल्या लोकांनी नंबर लावला. चितोडचा वेढा १३०३ साली काही महिन्यांतच संपला. नंबरवाल्यांना मात्र वर्षानुवर्षे तळ ठोकून बसावे लागले.

हा इतिहास आज उकरायचे कारण खासगी आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना त्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी विकायची आहे. किंमत सव्वा लाख. 'थोडं काम आहे,' असे त्यांनीच सांगितले. जुन्या गाडीच्या बाबतीत 'थोडं काम' हा शब्द लग्नाच्या बोलणीतल्या 'मुलगा जरा सावळा आहे'सारखा असतो. किती ते प्रत्यक्ष पाहिल्यावर कळते. इकडे माझी साडेतीन लाखांची ठेव पुढच्या महिन्यात मुदत पुरी करते आहे, आणि वडिलांना महिन्यातून दोनदा इस्पितळात न्यावे लागते. तेव्हा गाडी हवी, हे घरात सर्वानुमते ठरले. कोणती, यावर अजून मतदान व्हायचे होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. निर्णय घेण्यापूर्वी मागचे लेजर उघडून पाहायची सवय. म्हणून आधी या गाडीचे खाते कधी उघडले ते पाहू.

आपल्याकडे मोटारी बनण्याआधी पुष्कळ वर्षे नुसत्या जोडल्या जात. १९२८ पासून जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. परदेशातून खोक्यांत सुटे भाग यायचे, इथे त्यांची मोटार व्हायची. मग सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मनावर घेतले. या गृहस्थांनी जहाज कंपनी काढली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, मग राहिली कोण तर मोटार. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याला आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात होत्या, पुढे इटलीच्या फियाटशी सोयरीक जमली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले, की नुसती जोडाजोड पुरे, भाग इथेच बनवायचे असतील तर राहा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथली जोडणी बंद केली.

राहिल्या तीन कंपन्या. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर, मद्रासला स्टँडर्ड आणि कुर्ल्याला फियाट. जुनी गोलमटोल फियाट आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून प्रेमाने ओळखली. १९६४ पासून आली ती चौकोनी अंगाची अकराशे डिलाइट. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर. हीच गाडी सत्तरच्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली. लग्नानंतर नाव बदलावे तसे नाव तेवढे बदलले, स्वभाव तोच राहिला.

आता गंमत पाहा. तीन गाड्या आणि गिऱ्हाइके लाखभर. सरकारने मोटारींच्या वाटपासाठी आणि विक्रीसाठी १९५९ साली नियंत्रण आदेश काढला. नवी गाडी मिळाली तरी ती ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नसे. १९६९ मध्ये किमतीही सरकारने बांधून दिल्या, कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. याचा परिणाम असा झाला, की नवी गाडी स्वस्त आणि अप्राप्य, तर जुनी गाडी महाग आणि हजर. नंबर लागून मिळालेली गाडी पुढे मूळ किमतीपेक्षा जास्त पैशांना जाई. आमच्या हिशेबाच्या पुस्तकात घसारा नावाचा एक धडा होता. मोटार रोज झिजते, म्हणून तिची किंमत रोज उतरते, असे त्यात गृहीत धरलेले. पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा नंबर लावला नव्हता.

त्या काळात 'जुनी गाडी घ्यावी का?' असा प्रश्नच नव्हता. प्रश्न असे, 'मिळेल का?' मिळाली की काम निघेल ते करायचे. म्हणून तर गल्लोगल्ली मिस्त्री तयार झाले. लेथवाला, पत्रेवाला, रेडिएटरवाला, सीटकव्हरवाला असे एका गाडीवर बारा बलुतेदार जगत. भाग नाही मिळाला तर घडवत. गाडी बिघडायची, पण बिघडली म्हणजे दुरुस्त होणार याची खात्री असायची. आजच्या गाडीत उलटे आहे. ती सहसा बिघडत नाही. बिघडली तर मिस्त्री आधी लॅपटॉप लावतो आणि मग आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो.

हे सुलतान राज्य १९८३ साली हलले. १४ डिसेंबरला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या दिल्या. त्याआधीच लाखाहून अधिक लोक दहा दहा हजार भरून मोकळे झाले होते. पद्मिनी पुढे २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला आणखी पोसले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी घरी जायला मोबाइलवरून एसी टॅक्सी बोलावली असणार.

इतिहास झाला. आता भूगोल, म्हणजे गाडीखालची जमीन. मी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो.

"साहेब, गाडी कंडिशनमध्ये आहे."

"कोणत्या?"

"ते उघडल्यावर कळेल."

पण माणूस जाणकार. त्याने रंगाकडे पाहिलेच नाही. पायाखालची मॅटे उचलली आणि स्क्रूड्रायव्हरने तळ टोचला. दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर थेट सोसायटीच्या फरशीला लागला. "इंजिन कधीही बांधता येतं साहेब," तो म्हणाला, "तळ सडला की गाडी संपली." मग गाडी चालू करून तो मागे धूर बघत उभा राहिला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, कार्ब्युरेटर बघायचा. पांढरा सारखा येत राहिला तर पाणी आत शिरते, हेडचे गास्केट गेले. निळा म्हणजे ऑइल जळते, रिंगा-पिस्टनचे काम. आमच्या पद्मिनीचा धूर निळा होता. काका म्हणाले, "बरेच दिवस उभी होती ना, म्हणून." मिस्त्री काही बोलला नाही. डॉक्टर नातेवाइकांसमोर गप्प बसतात तसा बसला.

अंदाज निघाला तो असा. इंजिन साठ हजार, पत्रा आणि रंग ऐंशी हजार, ब्रेक, टायर, वायरिंग मिळून पन्नास. "आणि रबरी नळ्या सगळ्या बदला," तो म्हणाला. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणजे सव्वा लाखाची गाडी सव्वातीन लाखांना. माझी ठेव जवळजवळ पुरते. फक्त पेट्रोल उधार घ्यावे लागेल.

मग कागद. इथे मात्र मी मिस्त्री. आरसी बुकात एका बँकेचा बोजा अजून तसाच होता. कर्ज कधीच फिटलेले, पण काकांनी बोजा उतरवायचा फॉर्म ३५ भरलाच नव्हता. आणि ती बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. आता ना-हरकत कोणाकडून आणायची? बँका विरघळतात, बोजा विरघळत नाही. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने इंजिनाआधी हे पान उघडावे. इंजिनाला मिस्त्री सापडतो, या पानाला सापडत नाही.

शिवाय वयाचा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२२ पर्यंत ६०० रुपये होते, ते ५००० झाले. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पण गाडी पन्नासच्या पुढे गेली, की २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. मग मान मिळतो, वेगळा नंबर मिळतो, फक्त रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. वीस ते पन्नास हा काळ मात्र वाईट. ना तरुण म्हणून किंमत, ना वृद्ध म्हणून आदर. मी स्वतः याच वयोगटात असल्यामुळे मला या नियमाचे मर्म चटकन कळले.

एवढे झाल्यावर कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. माझी अडचण वेगळी होती. वडिलांनी १९७९ साली याच गाडीसाठी नंबर लावला होता. कारखान्यात फोरमन होते, पै पै साठवून ठेव भरली. नंबर आला १९८५ मध्ये, आणि त्याच वर्षी धाकट्या आत्याचे लग्न ठरले. वडिलांनी ठेव व्याजासकट परत घेतली. त्यावर घरात पुढे कधी चर्चा झाली नाही. घसाऱ्याच्या घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत दर वर्षी १५ टक्के वजा केले, तर लाखाच्या गाडीचे चाळीस वर्षांनी दीडशे रुपये उरतात. शून्य कधीच होत नाही. ते उरलेले दीडशे कोणत्या खात्यावर टाकायचे, हे पुस्तकात सांगितलेले नाही. मला वाटले, त्यांचेच येणे आहे, देऊन टाकावे.

रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटले, "बाबा, तुमची पद्मिनी मिळतेय."

"माझी?" ते म्हणाले. "मला ती आवडली होती, असं कोणी सांगितलं तुला?"

"नंबर लावला होता ना तुम्ही?"

"अरे, दुसरं काय होतं? अँबॅसॅडर मोठी पडली असती. रेशनच्या दुकानात जो तांदूळ असेल तो आणायचो, म्हणून काय तो आवडायचा?" मग ताकाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि त्या सीटवरून उठताना माझ्या गुडघ्यांचं काय होईल, ते त्या मिस्त्रीला विचारलंस का?"

सौ. म्हणाली, "आता तरी कळलं?" मतदान संपले.

गेले वीस दिवस आम्ही सात-आठ वर्षांची, दार उंच असलेली, एका मालकाची छोटी गाडी पाहतो आहोत. मिस्त्री आधी तळ टोचतो, मी आधी बोजा बघतो, बाबा आधी मागच्या सीटवर बसून उठून बघतात. तिघांनी होकार दिल्याशिवाय ठेव मोडायची नाही, असे ठरले आहे.

काकांना नकार द्यायला जाताना मला फार जड गेले. पण ते मुळीच खट्टू झाले नाहीत. आतल्या आत सुटकाच वाटली असावी. पद्मिनीच्या टपावरची धूळ रुमालाने पुसत म्हणाले, "बरंच झालं. आता नाहीच विकत. २०३४ साली हिला पन्नास पुरी होतील, मग व्हिंटेज करून घेईन."

काकांचे वय आज चौऱ्याहत्तर. म्हणजे पुन्हा एकदा नंबर लावला म्हणायचे.