टेक्स-मेक्स पाककला, व्हीगन

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांच्या (तेहानो) स्वयंपाकातून वाढलेल्या पाकशैलीचा, मांस, दूध, अंडी, मध यांपैकी काहीही न वापरता घरी केला जाणारा प्रकार. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये डॉनल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये रूढ केला. व्हीगन आहारात दही, तूप, चीज हेही वर्ज्य असल्यामुळे तो रूढ शाकाहाराहून वेगळा ठरतो.

पार्श्वभूमी : मका, घेवडा, भोपळा, टोमॅटो व मिरची हा या भागातील स्वयंपाकाचा मूळ पाया. गहू, गुरे, डुकरे आणि दूधदुभते स्पॅनिश वसाहतीबरोबर आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया मांसाचा तिखट रस्सा (चिली) विकत. न्यू ब्राउनफेल्स येथील जर्मन स्थलांतरित विल्यम गेबहार्ट यांनी १८९० च्या दशकात तयार चिली पावडर बाजारात आणली. पुढे गोमांस, पिवळे चीज, जिरे आणि मैद्याची टोर्तिया (पातळ पोळी) ही या शैलीची ओळख बनली. डायना केनेडी यांच्या ‘द क्विझिन्स ऑफ मेक्सिको’ (१९७२) या पुस्तकानंतर मेक्सिकोतील प्रादेशिक पाकशैली आणि टेक्स-मेक्स यांतील फरक ठळक झाला. मांसाचा चिली हा १९७७ पासून टेक्ससचा अधिकृत राज्यपदार्थ आहे.

छुपे प्राणिज घटक : मांस व चीज डोळ्यांना दिसतात, म्हणून ते वगळणे सोपे असते. चुकते ते न दिसणाऱ्या घटकांपाशी. मैद्याच्या टोर्तियात मोहन म्हणून आणि घोटलेल्या घेवड्यात (फ्रिहोलेस रेफ्रितोस) फोडणीसाठी डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे. टोमॅटोचा लाल भात बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. चीजला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वस्तूंत केसीन हे दुधातील प्रथिन असते. त्यामुळे या स्वयंपाकात मांसाच्या पर्यायापेक्षा चरबीचा खमंगपणा, चीजचा ओशट दाटपणा आणि रश्श्याची गोडी कशाने भरून काढायची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

टोर्तिया : मक्याची टोर्तिया मुळातच व्हीगन असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन वाटतात. या प्रक्रियेने (निक्स्तमालीकरण) साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातील नायसिन शरीराला मिळू शकते. वाटलेल्या गोळ्याला ‘मासा’ म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कणीक. वाळवून केलेले त्याचे पीठ ‘मासा हारिना’ या नावाने मिळते. मैद्याच्या टोर्तियासाठी २ वाट्या मैद्याला पाव वाटी तेलाचे मोहन व मीठ चोळून गरम पाण्याने कणीक मळतात, अर्धा तास झाकून ठेवतात, पातळ लाटून कोरड्या तापल्या तव्यावर भाजतात आणि लगेच फडक्यात गुंडाळतात. फडक्यात धरलेल्या वाफेने ती मऊ राहते.

घेवडा : टेक्ससमध्ये ठिपकेदार पिंटो घेवडा वापरतात. तो रात्रभर भिजवून कांदा, लसूण व सुक्या मिरचीसह शिजवतात. कट फेकून देत नाहीत. भात, रस्सा व घोटलेला घेवडा या तिन्हींत तो मांसाच्या रश्श्याची जागा घेतो. तेलात कांदा तांबूस परतून त्यात घेवडा घोटला की चरबीची उणीव फारशी जाणवत नाही. लाल राजमा वापरल्यास भिजवण्याचे पाणी टाकून नव्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात त्यातील विषारी लेक्टिन पुरते नष्ट होत नाही.

सॉस व मुख्य पदार्थ : एन्चिलाडावरची (सारण भरून गुंडाळलेल्या टोर्तियांवरची) ‘चिली ग्रेव्ही’ तेलात मैदा तांबूस भाजून, त्यात चिली पावडर, जिरेपूड व लसूण घालून भाज्यांच्या पाण्यात दाट शिजवतात. चीजच्या पातळ ‘केसो’ऐवजी भिजवलेले काजू, उकडलेला बटाटा व गाजर, न्यूट्रिशनल यीस्ट (निष्क्रिय केलेले खाद्य यीस्ट) आणि हिरवी मिरची एकत्र वाटतात. मिक्सरमध्ये फिरवलेला बटाटा चिकट होतो. एरवीचा हा दोष इथे चीजसारखी तार आणतो. चिलीमध्ये सोया ग्रॅन्यूल किंवा बारीक चिरलेले मशरूम घालतात. टेक्ससमधील परंपरानिष्ठांना चिलीत घेवडा मान्य नसला तरी व्हीगन चिलीत तो सर्रास असतो. ‘फाहिता’ हे नाव ‘पट्टा’ या अर्थाच्या शब्दावरून गुरांच्या मांसाच्या एका तुकड्याला पडले; व्हीगन फाहितात बिडाच्या तव्यावर मोठ्या आचेने करपवलेले मशरूम, कांदा व ढोबळी मिरची असते. धुरकट चव चिपोत्लेने, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या हालापेन्यो मिरचीने येते. ग्वाकामोले (अॅव्होकाडोची चटणी) व टोमॅटोचा साल्सा यांत बदल करावा लागत नाही.

पोषण : मक्यात लायसीन कमी व घेवड्यात भरपूर, तर घेवड्यात मिथिओनीन कमी, म्हणून दोन्ही मिळून प्रथिने पूर्ण होतात. ब१२ जीवनसत्त्व मात्र या पदार्थांतून मिळत नाही. ते पूरक गोळ्यांतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते.

भारतीय स्वयंपाकघरात : मका, मिरची व राजमा मूळचे अमेरिका खंडातले असले तरी भारतात रुजलेले असल्याने बरेचसे साहित्य येथे सहज मिळते, दोन ठिकाणी मात्र फसगत होते. अमेरिकी चिली पावडर हे जिरे, ओरेगानो व लसूण मिसळलेले मिश्रण असते, त्यामुळे तेवढ्याच मापाने लाल तिखट घातल्यास पदार्थ जहाल होतो. मक्याचे साधे पीठ चुन्यात शिजलेले नसल्याने त्याची टोर्तिया तुटते. मक्याची भाकरी गरम पाण्याने मळण्याचे कारणही हेच. सुट्या धाग्यांच्या मांसाऐवजी पाश्चात्त्य व्हीगन पाककृतींत डबाबंद कोवळा फणस घालतात. कोकणात हाच फणस ‘कुयरी’ म्हणून भाजीसाठी बाजारात येतो.