आशांचा मोबदला : पैसे थेट खात्यात, तपशील मात्र दूरच

बारामतीलगतचे जळोची आता नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. गाव शहरात आले म्हणून गरोदर मातांची नोंद घेणे, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन पाहणे, लसीकरणाच्या दिवशी मुलांना केंद्रावर आणणे ही कामे संपत नाहीत. ती करणाऱ्या आशा स्वयंसेविकेला मोबदला कसा मिळतो, हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर जितका महत्त्वाचा, तितकाच पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही आहे. पैसे आता थेट बँक खात्यात जमा होतात. मात्र कोणत्या कामाचे किती आले आणि कोणत्या कामाचे राहिले, हे पासबुकातील नोंदीवरून कळत नाही.

कामागणिक मोबदला

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि त्याबरोबर ‘आशा’ योजना आली. ग्रामीण भागात साधारणतः १ हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाते. २०१३ मध्ये शहरी आरोग्य अभियान आले. त्यात हे प्रमाण १ हजार ते २ हजार ५०० लोकसंख्येमागे एक असे ठरले. महाराष्ट्रात आज ७० हजारांहून अधिक आशा कार्यरत आहेत.

आशा ही सरकारी कर्मचारी नसून स्वयंसेविका मानली जाते. त्यामुळे तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाल्यास १०० रुपये मिळतात. नोंदवह्या, बैठका यांसारख्या नियमित कामांसाठी केंद्राकडून मिळणारी मासिक रक्कम २०१८ मध्ये १ हजारावरून २ हजार रुपये करण्यात आली. २०२५ मध्ये ती ३ हजार ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. राज्य शासनाचे मानधन याहून वेगळे आहे. म्हणजेच एकाच महिलेच्या मिळकतीत अनेक योजनांच्या लहान-लहान रकमा एकत्र येतात.

रोकडीकडून खात्याकडे

योजनेच्या प्रारंभीच्या काळात मोबदला रोखीने वा धनादेशाने दिला जात असे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरणास प्रारंभ केला. पुढे आरोग्य अभियानाची देयकेही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ‘पीएफएमएस’ या संगणकीय प्रणालीतून होऊ लागली.

व्यवहाराचा क्रम साधारण असा असतो. आशा महिन्याच्या कामांचा दावा भरते. परिचारिका आणि गटप्रवर्तक त्याची पडताळणी करतात. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मंजुरीनंतर देयक लेखा विभागाकडे जाते. तेथे एक कर्मचारी ते प्रणालीत तयार करतो, दुसरा मंजूर करतो आणि रक्कम खात्यात जाते. सही एका रकमेवर आणि हाती दुसरी, या जुन्या प्रकाराला त्यामुळे आळा बसण्यास मदत झाली.

विलंब कोठे होतो?

संगणकीय प्रणालीने प्रवासातील शेवटची पायरी वेगवान केली आहे. त्याआधीच्या पायऱ्या मात्र माणसांच्या आणि निधीच्या भरवशावर आहेत. आरोग्य अभियानाच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, तर राज्याचा ४० टक्के असतो. हा निधी उतरेपर्यंत मंजूर याद्याही पडून राहतात.

दुसरी अडचण खात्यांची. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले व अनेक शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. नोंद जुनीच राहिल्यास देयक परत येते. आधार क्रमांकावर आधारित देयक असेल, तर ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. नेहमीचे पासबुक मात्र कोरे राहते.

तिसरे कारण निर्णयांचे. २०२३ मधील आंदोलनानंतर मानधनवाढीची घोषणा झाली, परंतु शासन निर्णय न निघाल्याने जानेवारी २०२४ मध्ये आशा पुन्हा संपावर गेल्या. अखेर मार्च २०२४ मध्ये ५ हजार रुपयांची वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू करण्यात आली. हे महिने बँकेत नव्हे, मंत्रालयात गेले.

सिएरा लिओनचा अनुभव

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ च्या इबोला साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांना रोखीऐवजी मोबाईल वॉलेटमधून पैसे देण्यात आले. सरासरी महिन्याहून अधिक लागणारा कालावधी सुमारे आठवड्यावर आला. मात्र त्यासाठी कोण कोठे काम करतो याची पक्की यादी तयार करावी लागली. केवळ मोबाईलने हे साधले नसते.

कामनिहाय पावती हवी

आपल्याकडेही पुढची गरज नव्या ॲपची नाही. प्रत्येक दाव्याची माहिती कार्यालयात असतेच. तीच कामनिहाय पावतीच्या रूपाने, दर महिन्याला, मराठीतून आशेच्या मोबाईलवर गेली पाहिजे. किती दावे मंजूर झाले, कोणते नाकारले, कोणत्या कारणाने आणि कोणत्या महिन्याचे पैसे बाकी आहेत, एवढे तरी तीत असावे. साध्या मोबाईलवरील लघुसंदेशही त्यास पुरेसा आहे.

४२ व्या दिवसाच्या भेटीचे पैसे मिळाले की नाही हे जिला कळत नाही, ती राहिलेले मागणार कशी? डिजिटल व्यवहार पारदर्शक असतो असे म्हटले जाते. ती पारदर्शकता आज प्रामुख्याने पैसे देणाऱ्याच्या बाजूची आहे. घेणारीलाही तोच हिशेब दिसू लागेल, तेव्हा ही व्यवस्था पूर्ण झाली असे म्हणता येईल.