पाईपचा गॅस नवी मुंबईत येतो कुठून? त्याचा युरियाशी संबंध काय?

नवी मुंबईत पाईपने येणारा गॅस सिलिंडरमधला नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, तर पाईपमध्ये मुख्यतः मिथेन असतो. मुंबई हायचा गॅस समुद्रातून उरणला येतो. देशातला गॅस कमी पडला की परदेशातून एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू मागवतात.

कतारसारख्या देशात गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. त्यामुळे ६०० घनमीटर गॅस साधारण १ घनमीटर जागेत मावतो. थर्मॉससारख्या टाक्यांच्या जहाजातून तो गुजरातेत दहेजला किंवा गुहागर तालुक्यातल्या दाभोळ टर्मिनलवर उतरतो. तिथं ऊब देऊन पुन्हा वायू करतात अन् पाईपलाईनमध्ये सोडतात. दहेजहून एक लाईन थेट उरणपर्यंत आहे. पुढं महानगर गॅस कंपनी तो घरांना आणि सीएनजी पंपांना पुरवते.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपने एलएनजीची मोठी खरेदी केली आणि जगभर भाव भडकले. सीएनजी महागला की वाशी मार्केटला भाजी नेणाऱ्या सीएनजी टेम्पोचा खर्च वाढतो. अलिबागजवळ थळच्या आरसीएफ कारखान्यात युरिया नैसर्गिक वायूपासूनच बनतो. गोणीचा दर सरकारने बांधलेला असतो, म्हणून शेतकऱ्याला ही वाढ लगेच दिसत नाही. तिचा भार सरकारी अनुदानावर पडतो.