पेंडा, पंडुम आणि सातबारा : भामरागडच्या माडिया गोंडांच्या भूव्यवहाराचा ऐतिहासिक अभ्यास

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या 26 ऑगस्टला गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. नदीपलीकडे अबुझमाड आहे, आणि दोन्ही तीरांवर माडिया गोंड राहतात. प्रशासनाची सीमा नदीतून गेली. सोयरीक मात्र नदी ओलांडूनच होत राहिली. माडियांच्या जमीन-व्यवहाराचा विचार करताना धर्म, अर्थव्यवहार आणि भूव्यवस्थापन ही तीन स्वतंत्र प्रकरणे मानता येत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचे कारण पेंडा या शेतीपद्धतीत सापडते.

पेंड्यासाठी डोंगरउतारावरील झाडोरा तोडून वाळवतात, उन्हाळ्यात जाळतात आणि पावसाच्या तोंडावर राखेत कोसरा पेरतात. नांगर लागत नाही. दोन-तीन वर्षांनी जमीन सोडून दिली जाते व तेथे पुन्हा रान वाढते. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे 1927 ते 1931 या काळात बस्तर संस्थानचे प्रशासक होते. त्यांनी 1938 साली प्रसिद्ध केलेल्या माडियांवरील ग्रंथात या पद्धतीचे तपशीलवार वर्णन आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘भूम’ या संकल्पनेकडे त्यांनी लक्ष वेधले. प्रत्येक कुळाची स्वतःची भूम असते. गाव उठून दुसरीकडे वसले तरी ते बहुधा त्याच भूमीच्या सीमेत वसते. भूमीशी कुळाचा देव बांधलेला असतो, आणि पेरणीपूर्वी धरणीमातेची, म्हणजे तल्लुर मुत्तेची, पूजा केल्याशिवाय जमिनीला हात लावला जात नाही. ही पूजा पेरमा करतो. तेव्हा ‘फिरती शेती’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. शेत फिरते, पण मालकीचा परिघ स्थिर असतो. तो परिघ कागदावर नसून देवाच्या व पूर्वजांच्या स्थानांत नोंदलेला असतो.

पंडुम हा सणही याच व्यवस्थेचा भाग आहे. मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा खाल्ला जात नाही. बियाण्याचाही पंडुम असतो. बाहेरच्या माणसाला हा भाबडा निषेध वाटतो. परंतु कच्चे फळ ओरबाडले जाऊ नये, कापणीचा काळ साऱ्या गावाने मिळून ठरवावा, हा त्यामागचा व्यवहार वनव्यवस्थापनाच्या कोणत्याही नियमावलीत शोभण्यासारखा आहे. अर्थात माडिया माणूस तो असा समजावून सांगत नाही. तो म्हणतो, पंडुम झाला नाही.

येथे एक आठवण नोंदवावीशी वाटते. एम.फिल.च्या क्षेत्रकार्यासाठी प्रस्तुत लेखकाने तयार केलेल्या प्रश्नावलीत ‘कुटुंबाकडील एकूण शेतजमीन (हेक्टर)’ असा रकाना होता. एका वृद्धाने आकडा न सांगता समोरच्या टेकडीकडे बोट केले आणि नंतर वाटेकडेच्या उभ्या दगडांकडे. लेखकाने रकान्यात ‘माहिती नाही’ असे लिहिले. चूक माहितीची नव्हती, रकान्याची होती, हे उमगायला बराच काळ गेला. ते दगड मृतांच्या स्मृतिशिळा होत्या.

महसुली दप्तरानेही दीर्घकाळ असेच रकाने भरले. ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल 1869 चा. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांकडून सरकारला टकोली मिळत असे. तिच्या पोटातील भूमीच्या सीमा मोजण्याचे त्या व्यवस्थेला कारण नव्हते. मध्य प्रांतातच बैगांकडून जमिनीच्या मापाऐवजी कुऱ्हाडीच्या हिशेबाने कर घेतला गेला, नंतर त्यांच्या बेवर शेतीवर बंदी आली, आणि 1890 साली एका मर्यादित टापूत, बैगा चकात, तिला मुभा ठेवण्यात आली. 31 मार्च 1951 पासून जमीनदारी नष्ट होऊन तिची जंगले राज्याकडे आली. जमीनदाराचे जोखड गेले हे खरे, पण पेंड्याचे पडीक उतार त्याच वेळी निर्विवादपणे सरकारी वन ठरले. निस्तारपत्रकात जळण-चराईची सोय नोंदली गेली. भूम नोंदली गेली नाही. पुढे बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला आणि 1969 च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या हाती आला. ज्या डोंगरावर माडियाचे शेत ‘अतिक्रमण’ होते, त्याच डोंगरावर तो मजूर म्हणून अधिकृत झाला.

वनहक्क कायदा 2006 चा, व त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासूनचे. येथे इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा अशी गोष्ट आहे. नियम 13 मध्ये पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब तसेच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या प्राचीनत्व दर्शविणाऱ्या पारंपरिक वास्तूंचा समावेश आहे. म्हणजे त्या वृद्धाने दाखविलेले दगड आता कायद्याच्या भाषेतही पुरावा आहेत. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींना कलम 3(1)(ई) खाली अधिवासाचा हक्क मागता येतो, आणि 2012 च्या सुधारणेने तो मिळवून देण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीवर, तीही जमातीच्या पारंपरिक संस्थांशी विचारविनिमय करून, टाकली आहे. त्याच कलमात ‘कृषिपूर्व समाज’ असा शब्दप्रयोग आहे. पेंडा करणाऱ्याला कृषिपूर्व म्हणणे हे नांगरालाच शेती समजण्याच्या जुन्या सवयीचे शेपूट होय.

गडचिरोलीतच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्याचा दावा एका गावाच्या सीमेपुरता होता. भामरागडची भूम अनेक गावांतून पसरते, कुळांच्या देवांमागे जाते आणि काही ठिकाणी राज्याच्या सीमेपलीकडेही पोहोचते. तिचा नकाशा काढायचा तर मोजणीदाराच्या साखळीबरोबर पेरमाला चालावे लागेल, आणि कोणता दगड कोणत्या कुळाचा हे जाणणारी पिढी आज वृद्ध आहे. त्या दगडांची गावनिहाय नोंद करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना या उन्हाळ्यातही हाती घेता येईल. त्यासाठी वही, गोंडी जाणणारा एक विद्यार्थी आणि रकाने न छापलेला कागद पुरेसा आहे.