आमिष आणि स्पॅम
फोनवर आणि ईमेलमध्ये सवलतींचे जे अनाहूत संदेश येऊन आदळतात, त्यांना ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळचे १९३७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव असून, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश मंडळीच्या १९७० मधील प्रहसनात त्याचा इतका अखंड घोष झाला की पुढे ते नकोशा भडिमारालाच चिकटले. गंमत अशी की, अशा संदेशांत दाखवले जाणारे ‘आमिष’ही संस्कृतात मूळचे मांसच, गळाला लावलेल्या मांसावरून त्याला प्रलोभनाचा अर्थ आला आणि जुना अर्थ ‘सामिष’, ‘निरामिष’ या जोडीत तेवढा उरला. असा भडिमार टाळायचा तर भारतात १९०९ या क्रमांकावर नोंद केल्यास व्यापारी कॉल रोखता येतात. ठग मात्र त्या नोंदीला जुमानत नाहीत.