वसाहतींमागचे कायदे

घर बांधणे ही खाजगी बाब आहे, असे आपण सहसा समजतो. वाडा कोणत्या पणजोबांनी बांधला, लाकूड कोठून आणविले, याच्या आठवणी घराण्यांत टिकून राहतात; त्या घराच्या पाठीशी कोणता कायदा उभा होता, हे मात्र विस्मरणात जाते. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी त्याच राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पर्यंत तेथेच राहिले. त्यामुळे मुंबई सरकारने घरांची संख्या वाढावी म्हणून केलेल्या कायद्यांचा इतिहास हा आपल्यापैकी अनेकांच्या गावांचाही इतिहास आहे. तो येथे थोडक्यात पाहू.

आरंभ झाला तो प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत साथ उसळली आणि दाट वस्तीतील कोंदट चाळी सरकारच्या डोळ्यांवर आल्या. १८९८च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्यासारखे नवे भाग आखले; परंतु गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधून दिल्या नाहीत. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या राजवटीत विकास खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या व खोल्यांची संख्या सुमारे १६ हजारांवर थांबली. सरकारने वरून ठरवावे आणि लोकांनी येऊन राहावे, या रीतीच्या मर्यादा तेथे उघड झाल्या.

याच काळात दुसरी एक वाट निघाली होती. १९०४चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर हेतूंच्या संस्थांनाही नोंदणी खुली केली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिचे प्रणेते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांनी त्यापूर्वीच, १९०६ साली, शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली होती. कारवार-कानडा भागातून नोकरीनिमित्त मुंबईस आलेली ही चित्रापूर सारस्वत मंडळी. एकट्याच्या पगारात शहरात घर होणे नाही, हे त्यांनी ओळखले आणि दहा-वीस कुटुंबांची पत एकत्र केली. सभासदांनी भाग घ्यावयाचे, संस्थेने जमीन व कर्ज मिळवावयाचे, आणि इमारत संस्थेच्या मालकीची राहून सभासदांनी भाडे भरावयाचे, ही 'भाडेकरू सहभागीदारी'ची पद्धत. पुढे घर ज्याचे त्याच्या मालकीचे होणारी 'भाडेकरू मालकी'ची पद्धतही रूढ झाली. मुंबई सरकारने १९२५ साली स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला आणि या धडपडीला भक्कम चौकट मिळाली.

सहकाराची कल्पना आपल्या बडोद्याला परकी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. सरकारी कायदा होण्याच्या १५ वर्षे आधी, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी सयाजीरावांच्या राज्यात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली होती. ती पतपुरवठ्याची होती, घरांची नव्हती. पण परस्परांच्या भरवशावर भांडवल उभे राहते, हे तिने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर सहकारी घरांना अनपेक्षित दिशेने बळ मिळाले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४० सालच्या पातळीशी बांधून टाकले. महायुद्ध आणि फाळणी यांनी गांजलेल्या भाडेकरूंचे त्याने रक्षण केले, हे खरे. परंतु भाड्याने देण्यासाठी घर बांधणे तोट्याचे झाले आणि चाळी बांधणारा मालक हळूहळू नाहीसा झाला. १९४८च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ स्थापण्याची तरतूद झाली व त्याने पुष्कळ वसाहती बांधल्या. तरीही मध्यमवर्गाला मुख्य आधार उरला तो सहकारी संस्थेचा. राज्ये विभागल्यावर कर्नाटकाने १९५९ साली, महाराष्ट्राने १९६० साली आणि गुजरातने १९६१ साली आपापले सहकारी कायदे केले, पण त्यांच्या मुळाशी तोच जुना विचार होता.

या इतिहासाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. जो कायदा ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर उभा राहिला, त्याने ओळखीबाहेरच्या माणसाला फाटकाबाहेर ठेवण्याची सोयही दिली. अनेक संस्थांची सभासदसूची जातीची वा समाजाचीच राहिली. अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्था १९२५च्या कायद्याखाली नोंदलेली. तिच्या उपविधीत सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित होते. समाजाबाहेर जागा विकण्याचा प्रश्न निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ साली न्यायालयाने तो उपविधी वैध ठरविला. संघटना स्थापन करणाऱ्यांना आपले सोबती निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न तेथे मिटला. शेजारधर्माच्या दृष्टीने तो मिटला, असे आम्हास वाटत नाही.

कारण आपण स्वतःच कोणे एके काळी दुसऱ्याच्या गावी येऊन राहिलेली माणसे आहोत. कोणी सरदारांबरोबर आले, कोणी कारकुनीसाठी, कोणी शाळामास्तर म्हणून. तेव्हा कोणीतरी आपल्याला जागा दिली, म्हणून आपली मंदिरे, वाचनालये आणि वसाहती झाल्या. पुढची पिढी पुण्याला अथवा परदेशी गेल्यामुळे आज त्यांतील कित्येक घरे बंद आहेत, आणि पुनर्बांधणीचे प्रस्ताव संस्थांच्या सभांपुढे येत आहेत. अशा सभेत सभासदाने हात वर करण्यापूर्वी गावदेवीची ती मंडळी आठवावी. नव्या शहरात आलेल्या, हाती भांडवल नसलेल्या कुटुंबांना घर मिळावे, याकरिता ती एकत्र आली होती. रिकाम्या होणाऱ्या आपल्या वसाहतींत आज त्यांच्यासारखेच नव्याने येणारे कोण आहेत, आणि त्यांना आपले फाटक उघडे आहे काय, याचे उत्तर कोणताही उपविधी देणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.