सिद्धतेचा भार

युद्ध केव्हा संपते, या प्रश्नाचे उत्तर इतिहासग्रंथ बहुधा एखाद्या तारखेने देतात. व्हिएतनामपुरती ती तारीख ३० एप्रिल १९७५ ही आहे. परंतु ज्या युद्धात शत्रूच्या देहाबरोबर त्याची झाडे, पिके आणि जमीन यांनाही लक्ष्य केले जाते, त्याचा शेवट असा एका दिवशी होत नाही. तेथे गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी आपल्या आजारांसाठी मागितलेल्या भरपाईचा इतिहास हा या अपूर्ण शेवटाचा इतिहास आहे. आणि तो जितका वैद्यकशास्त्राचा आहे तितकाच भाषेचाही आहे.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने ‘रँच हँड’ या मोहिमेत प्रामुख्याने दक्षिण व्हिएतनामची अरण्ये, खारफुटी आणि शेते यांवर सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील निम्म्याहून अधिक वाटा एजंट ऑरेंजचा होता. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यावरून पडलेले हे नाव ऐकायला निरुपद्रवी वाटते. २,४-डी आणि २,४,५-टी या दोन द्रव्यांचे ते मिश्रण. त्यांपैकी दुसऱ्याच्या निर्मितीत टीसीडीडी हे अत्यंत विषारी डायॉक्सिन नकळत मिसळत असे. सैनिकाला मात्र वरून पडणारे हे द्रव्य पाने गाळणारे औषध एवढेच ठाऊक होते.

पुढे तो घरी परतला आणि काही वर्षांनी आजारी पडला. शिकागोच्या माजी सैनिक कल्याण कार्यालयात काम करणाऱ्या मॉड डेव्हिक्टर यांनी १९७७ पासून अशा अर्जांतील साम्य टिपण्यास आरंभ केला. १९७८ साली पॉल रॉयटरशान हा कर्करोगग्रस्त माजी सैनिक दूरचित्रवाणीवर म्हणाला, की आपण व्हिएतनाममध्येच मेलो होतो, फक्त ते आपल्याला कळले नव्हते. त्याच वर्षअखेरीस त्याचा मृत्यू झाला.

मग दाद कोणाकडे मागावयाची? सेवेत असताना झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निर्णय आडवा होता. म्हणून सैनिकांनी तणनाशके पुरविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. ७ मे १९८४ रोजी, सुनावणी सुरू व्हावयाच्या दिवशीच, न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांच्यापुढे १८ कोटी डॉलरांची तडजोड झाली. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही. सुमारे ५२,००० सैनिक वा त्यांचे वारस यांच्या वाट्याला सरासरी ३,८०० डॉलर आले.

खरा संघर्ष याहून सूक्ष्म होता आणि तो एका शब्दावर अडला होता. अपंगत्वाची भरपाई मिळण्यासाठी आजार आणि सेवा यांचा संबंध दाखवावा लागे. पण संबंध म्हणजे काय? काँग्रेसने १९८४ मध्ये कायदा केला. त्यावर प्रशासनाने १९८५ साली जे नियम काढले त्यांत कार्यकारणभावाचा आग्रह धरला आणि क्लोरॅक्ने या त्वचाविकाराखेरीज एकही आजार मान्य केला नाही. विशिष्ट माणसाच्या विशिष्ट गाठीचे कारण विशिष्ट फवारणी हेच आहे, असे कोणता रुग्ण सिद्ध करणार? कोणत्या तुकडीवर किती द्रव्य पडले, हे सैन्याच्या दप्तरांवरून ठरविता येत नाही म्हणून सरकारी पाहणीच १९८७ मध्ये सोडून देण्यात आली होती. जे राज्यसंस्थेला साधले नाही ते एकेकट्या आजारी माणसाने साधावे, अशी ही अपेक्षा होती. १९८९ मध्ये ‘नेमर’ खटल्यात संघीय न्यायालयाने हे नियम रद्द केले: काँग्रेसला अभिप्रेत होता तो संख्याशास्त्रीय सहसंबंध, निर्विवाद कारण नव्हे, शिवाय संशयाचा फायदा सैनिकाला मिळावयास हवा होता.

१९९१ च्या ‘एजंट ऑरेंज’ कायद्याने हा न्याय पुढे नेला. ठरावीक काळात व्हिएतनामच्या भूमीवर सेवा केलेला सैनिक तणनाशकाच्या संपर्कात आला होता, असे गृहीत धरावयाचे. आणि कोणते आजार त्याच्याशी निगडित आहेत, याचा आढावा राष्ट्रीय विज्ञान अकादमीने वेळोवेळी घ्यावयाचा. ‘गृहीत’ हा शब्द येथे वैचारिक आळसाचा द्योतक नाही. जेथे पुरावा नष्ट झाला किंवा कधी ठेवलाच गेला नाही, तेथे त्या उणिवेची शिक्षा दुर्बळाला होऊ नये, अशी ती न्यायबुद्धी आहे. पुढे यादी वाढत गेली: २००१ मध्ये दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, २०१० मध्ये पार्किन्सन आणि हृदयविकार, २०२२ मध्ये उच्च रक्तदाब. भूमीवर पाय न ठेवलेल्या, किनाऱ्याजवळच्या युद्धनौकांवरील खलाशांना मात्र २०१९ पर्यंत थांबावे लागले.

या इतिहासातील सर्वांत करुण व्यक्तिरेखा अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांची आहे. मेकाँगच्या मुखप्रदेशातील नदीकाठ उजाड करण्याचा आदेश त्यांचा. त्याच नद्यांत गस्ती नौकेवर असलेला त्यांचा मुलगा १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. त्या फवारणीने असंख्य खलाशांचे प्राण वाचले, हे मत त्यांनी सोडले नाही. आणि तरीही १९९० साली सैनिकांच्या बाजूचा कडक अहवाल त्यांनीच लिहिला. शोकांतिकेचे लक्षण सांगताना आपण ज्या द्वंद्वाची चर्चा करतो, ते येथे शासकीय कागदात सापडते.

परंतु ही न्यायबुद्धी एका सीमेपाशी थांबते. २००४ मध्ये व्हिएतनामी पीडितांनी त्याच कंपन्यांवर अमेरिकेत दावा लावला. तो त्याच वाइनस्टाइन यांच्यापुढे आला आणि मार्च २००५ मध्ये फेटाळला गेला. ही तणनाशके त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार विष ठरत नव्हती, असे त्यांचे म्हणणे पडले. दा नांग विमानतळाची डायॉक्सिनयुक्त माती अमेरिकेच्या साहाय्याने २०१८ पर्यंत स्वच्छ करण्यात आली, म्हणजे जमिनीचे दूषण मान्य झाले. एक वर्ष तेथे राहून परतलेल्याच्या बाबतीत कायदा संपर्क गृहीत धरतो. त्याच मातीत जन्मून तिचेच अन्न खाल्लेल्या माणसाकडे मात्र सिद्धतेचा भार अजूनही तसाच आहे.